कावेरीकाठच्या होस्टेलमधलं पहिलं सत्र

तंजावरहून पट्टुक्कोट्टईच्या रस्त्याला लागलं की ओरत्तनाडू हे तालुक्याचं गाव येतं. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ साली इथे मुक्तांबाळ छत्र सुरू केलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, आणि त्याच आवारात शाळाही भरत असे. गरीब आणि पोरकी मुलं तिथेच राहत, जेवत आणि शिकत. १८२३ सालच्या एका मिशनऱ्याच्या वृत्तांतात इथल्या शाळांमध्ये चारशेहून जास्त विद्यार्थी असल्याचं लिहिलेलं आहे. मराठी राजाने तमिळ मुलुखात शाळा काढली आणि ती मुदपाकखान्याला लागून काढली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या पोटाची सोय लागली की त्याचं डोकं अभ्यासाला मोकळं होतं, हे त्या व्यवस्थेत गृहीत होतं.

आता दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली मुलंमुली याच मुलुखात शिकायला येतात. कुणी तिरुचिरापल्लीजवळ तुवाकुडीच्या एनआयटीत, कुणी तंजावरच्या रस्त्यावर तिरुमलैसमुद्रमला सास्त्रा विद्यापीठात, कुणी तंजावरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेत म्हणजे निफ्टेममध्ये, तर कुणी तिरुवारूरजवळ नीलक्कुडीच्या केंद्रीय विद्यापीठात. बारावीचे गुण, जेईई नाहीतर सीयूईटीचा निकाल, प्रवेशफेऱ्या या सगळ्या धामधुमीत एका गोष्टीची तयारी राहून जाते. लातूर, नाशिक किंवा अमरावतीच्या घरातून उठून भातावर जगणाऱ्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलुखात रोज तीन वेळा जेवायचं आहे, याची. पहिलं सत्र बिघडतं ते बहुधा इथून. अवघड गणिताची पाळी नंतर येते. म्हणून या लेखात मेसबद्दल आधी आणि जास्त लिहिलं आहे.

मेसमधल्या भातापासूनच सुरुवात करू. बहुतेक मेसमध्ये दुपारी उकडा तांदूळ असतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना तो घरचाच. देशावरच्या आणि विदर्भातल्या मुलांना तो जाड, टणक आणि बेचव वाटतो. भात सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडला की उकडा तांदूळ होतो. या प्रक्रियेत सालीलगतची ब-जीवनसत्त्वं दाण्याच्या आत मुरतात, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळापेक्षा तो जास्त कसदार असतो. तंजावरची निफ्टेम संस्था मुळात याच विषयातून जन्माला आली. १९६७ साली तिरुवारूरला भातावर प्रक्रिया करण्याचं संशोधन केंद्र सुरू झालं, कारण काढणीच्या वेळी पावसात भिजलेलं भात वाचवायचं कसं हा या भागातल्या शेतकऱ्यांचा मोठा प्रश्न होता. त्याच केंद्राची पुढे राष्ट्रीय संस्था झाली. तेव्हा ताटातला भात हा इथला हलका, स्वस्तातला पर्याय नाही, इथल्या शेतीचं आणि संशोधनाचं ते मुख्य धन आहे. पंधरा-वीस दिवसांत जिभेला त्याची सवय होते.

आता तो जेवायचा कसा, ते नीट पाहा, कारण नव्या मुलांची फसगत इथेच होते. आपल्याकडे वरणभात किंवा आमटीभात एकदाच कालवतात आणि त्याच्या आधी दोन-तीन पोळ्या झालेल्या असतात. त्या सवयीने मूल ताटातल्या सगळ्या भातावर सांबार ओततं, कसंबसं संपवतं आणि उठतं. चार वाजता पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग कँटीनमधला पफ किंवा मॅगी सुरू होते. इथल्या जेवणात भात तीन वेळा घ्यायचा असतो. पहिला सांबाराबरोबर किंवा कुळंबूबरोबर, दुसरा रसमबरोबर, तिसरा दह्याबरोबर किंवा ताकाबरोबर. ताकाला इथे मोर म्हणतात. म्हणून भात आला की त्याचे हाताने तीन वाटे करा. सांबाराचा वाटा लहान ठेवा. बाजूला पोरियल असते, म्हणजे ओलं खोबरं घातलेली परतलेली सुकी भाजी; आणि कूटू असतं, म्हणजे डाळ घालून शिजवलेली भाजी. मराठी मुलं कूटूकडे दुर्लक्ष करतात, कारण ते पिवळट, फिकं आणि मवाळ दिसतं. उलट तेच दोनदा मागून घ्यायला हवं. पोळी गेली, उसळ गेली, तर डाळीचा भाग कुठून तरी भरून निघायला हवा आणि तो कूटूतून निघतो. शेवटचा दहीभात कधीही टाळू नका. या मुलुखातल्या दमट उकाड्यात दुपारच्या तासाला बसायचं तर दह्याचा आधार लागतोच, आणि तिखट सांबाराने पोट बिघडलं तर ते त्यानेच सावरतं.

वाढपी बादली घेऊन फिरत असेल तर तो थांबत नाही. हात आडवा केला नाही तर भात पडलाच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून थोडे शब्द तोंडात बसवून घ्या. ‘पोदुम’ म्हणजे पुरे, ‘कोंजम’ म्हणजे थोडं, ‘इन्नुम कोंजम’ म्हणजे आणखी थोडं, ‘वेण्डाम’ म्हणजे नको, ‘तण्णी’ म्हणजे पाणी. वाढणाऱ्या पुरुषाला अण्णा आणि बाईंना अक्का म्हणायचं. नावानिशी ओळख झालेल्या विद्यार्थ्याला मेसमध्ये वेगळी वागणूक मिळते असं नाही, पण तापातून उठल्यावर मऊ भात कुणाकडे मागायचा हे त्याला माहीत असतं.

नाश्ता हा इथला सर्वांत चांगला भाग आहे आणि पहिल्या वर्षाची मुलं तोच बुडवतात. रात्री दोनला झोपायचं, साडेआठला उठून तासाला पळायचं, मग साडेदहापर्यंत उपाशी. इडली, डोसा, पोंगल, उपमा, पुरी यांतलं काहीतरी रोज असतं. त्यातल्या पोंगलबद्दल एक सूचना: मूगडाळ, तांदूळ आणि तुपाचा तो जड पदार्थ आहे. सकाळी पहिला तास गणिताचा असेल तर अर्धाच घ्या, झोप येते. मांसाहार करणाऱ्यांनी आपल्या संस्थेचा नियम आधीच विचारून घ्यावा. काही आवारांत मेस पूर्ण शाकाहारी असते, काहींत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी अंडी आणि चिकन मिळतं. ज्या मुलाला घरी रोज अंडं लागतं त्याने पहिल्याच आठवड्यात दूध, शेंगदाणे, सुंडल म्हणजे इथली परतलेली उसळ, कडलैमिठाई म्हणजे शेंगदाण्याची चिक्की अशी पर्यायी व्यवस्था लावून घ्यावी. संध्याकाळी परोटा-सालना खायला बाहेर पडणं हा होस्टेल जीवनातला आनंदच आहे. फक्त तो रोजचं जेवण होऊ नये.

घरून काय आणावं? आया पिशव्या भरभरून देतात आणि त्यातलं निम्मं मुंग्या खातात. माझं स्पष्ट मत आहे की मेतकूट हा या भागात सर्वांत कामाचा मराठी पदार्थ आहे. गरम भात, मेतकूट आणि थोडं तूप एवढ्यावर आजारपणातला दिवससुद्धा निघतो. दुसरी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. लसणीची चटणी आणणार असाल तर घट्ट झाकणाच्या बरणीत आणा, खोलीत तिघं राहतात. चिवडा आणि शंकरपाळे ऑक्टोबरनंतर आणू नयेत, दमट हवेत दोन दिवसांत सादळतात. विजेची किटली किंवा शेगडी सामानात भरण्याआधी होस्टेलचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी ती जप्त होते आणि दंड भरावा लागतो. गोडा मसाला, भाजणी, पोह्यांचा पुडा यांचा इथे उपयोग नाही. शिजवणार कुठे?

सांबारचा शोध तंजावरच्या मराठी राजवाड्यात लागला आणि संभाजीराजांवरून त्याला नाव मिळालं, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. ती लोकप्रिय आहे, पण तिला समकालीन भक्कम पुरावा नाही, त्यामुळे मेसच्या टेबलावर ती वादाला काढू नये. त्यापेक्षा खरी गोष्ट सांगायची असेल तर सरस्वती महाल ग्रंथालयात ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा सरफोजीराजांच्या काळातला पाककलेवरचा मराठी ग्रंथ आहे, ती सांगा. तुमचा तमिळ मित्रही कान देऊन ऐकेल.

टेबलावर कुणाबरोबर बसायचं, हा मेसमधला दुसरा आणि माझ्या मते जास्त गंभीर प्रश्न. पहिल्या दोन दिवसांतच मुलांचे गट पडतात. इथल्या मुलांच्या लेखी विंध्याच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे ‘नॉर्थ इंडियन’. मराठी मूल त्यात आपोआप ढकललं जातं आणि हिंदी येत असल्यामुळे त्यालाही तो गट सोपा वाटतो. दिल्ली, बिहार, राजस्थानची मुलं चांगली सोबती असतात, त्यांच्याशी मैत्री जरूर करा. पण सकाळ, दुपार, रात्र त्याच टेबलावर बसलात तर चार वर्षांनी तमिळचे दहा शब्दही येणार नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्गात काय चाललंय हे तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळेल. चाचणी पुढे गेली, लॅबची वही अमुक पद्धतीने लिहायची आहे, या सरांचे जुने पेपर अमक्या सीनियरकडे आहेत, ही माहिती स्थानिक मुलांच्या टेबलावर फिरते. दिवसातलं एक जेवण तरी तमिळ सहाध्यायांबरोबर घ्या. त्यांच्याशी हिंदीत सुरुवात करू नका. इथे त्या भाषेवरून जुना राजकीय इतिहास आहे आणि समोरच्याला हिंदी यायलाच हवी असं गृहीत धरणं खटकतं. मोडक्या इंग्रजीत बोला. त्याचंही इंग्रजी बहुधा तुमच्यासारखंच मोडकं, तमिळ माध्यमातून आलेलं असतं आणि तोही तितकाच बुजलेला असतो. तुम्ही ‘मेदुवा सोल्लुंग’ म्हणजे हळू सांगा, ‘पुरियले’ म्हणजे समजलं नाही, एवढं म्हटलंत तरी तो खुलतो.

कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशातल्या सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थ्याची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण वर्ग आणि जेवण दोन्हींची ती आहे. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमचे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं छोटं घर आता जपून ठेवलं आहे आणि पाहता येतं. पुढे ओटा, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. १९०४ साली ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. शाळेत ते अव्वल होते. कॉलेजात मात्र त्यांनी गणिताखेरीज सगळे विषय बाजूला टाकले, इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली ते घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेले. नंतर मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. तिथेही गणित उत्तम आणि शरीरशास्त्रासारख्या विषयात नापास. बुद्धीची उणीव नव्हती. कॉलेज नावाच्या व्यवस्थेला सगळे विषय हवे असतात आणि ते ठरलेल्या तारखेला हवे असतात, एवढं त्यांना सांभाळता आलं नाही, आणि त्या वयात त्यांना हात धरून सांगणारंही कुणी भेटलं नाही.

१९१४ साली ते केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गेले. कडक शाकाहारी असल्यामुळे कॉलेजच्या जेवणघरात ते जेवत नसत. खोलीत स्वतः रांधत, तेही वेळी-अवेळी, कामाच्या तंद्रीत कधी जेवण टळूनही जाई. महायुद्धामुळे भाजीपाला मिळेनासा झाला. सहकाऱ्यांशी जिथे रोज सहज भेट झाली असती ते जेवणाचं टेबल त्यांच्या आयुष्यातून वजा झालं. १९१७ साली ते आजारी पडले. त्या आजाराचं कारण केवळ जेवण होतं असं मी म्हणणार नाही, त्याबद्दल डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. पण एकट्याने आणि अनियमित जेवण्याने त्यांची शक्ती आणि सोबत दोन्ही हिरावली, हे त्यांच्या चरित्रातून स्वच्छ दिसतं. त्यांनी एकदा केंब्रिजमध्ये पाहुण्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. पाहुण्या स्त्रियांनी तिसऱ्यांदा वाढून घ्यायला नकार दिला, तेव्हा ते न बोलता घराबाहेर पडले आणि काही दिवसांनी ऑक्सफर्डहून त्यांची तार आली. कावेरीकाठी आग्रहाने वाढणं आणि ते घेणं किती मनाला लावून घेतलं जातं, ते यावरून समजा. मित्राच्या घरी जेवायला गेलात तर पहिल्या वाढीला थोडंच घ्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वाढीला नकार द्यावा लागणार नाही.

आता वर्गाकडे. तास इंग्रजीत होतात, पण शंका, विनोद आणि ‘हे परीक्षेला येणार’ ही वाक्यं पुष्कळदा तमिळमध्ये जातात. अशा वेळी चिडून मागच्या बाकावर जाऊ नका. पुढे बसा आणि तास संपल्यावर शिक्षकांकडे जाऊन शांतपणे विचारा. वर्गात तमिळ न समजणारी तुमच्यासारखी आणखी मुलं आहेत हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर बहुतेक शिक्षक पुढच्या वेळी तेच वाक्य इंग्रजीतही बोलतात. इथल्या इंग्रजीचा वेग आणि उच्चार पहिले दोन आठवडे जड जातात. तोवर फळ्यावरचं सगळं उतरवून घ्या आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहा.

हजेरीचा नियम प्रवेशाच्या दिवशीच वाचा. सर्वसाधारणपणे ७५ टक्के हजेरी लागते, काही संस्थांत त्याहून जास्त, आणि ती विषयवार मोजतात. आजारपणाचा दाखला दिला तरी सूट मिळेलच असं नसतं. गणपतीला घरी आठवडाभर जाऊन आलेलं मूल सत्राच्या शेवटी एका विषयात अडकतं आणि त्याला परीक्षेलाच बसू दिलं जात नाही, अशी उदाहरणं दरवर्षी घडतात. दुसरं म्हणजे अंतर्गत चाचण्या. बारावीला सगळं शेवटच्या परीक्षेवर होतं. इथे सत्र सुरू झाल्यावर पाच-सहा आठवड्यांतच पहिली चाचणी येते आणि तिचे गुण अंतिम श्रेणीत धरले जातात. त्या वेळी मूल अजून बादली आणि कपड्यांचा स्टँड घेण्यात गुंतलेलं असतं. म्हणून पहिल्या चाचणीची तारीख कळली की ती भिंतीवर लावा आणि तिच्या आधीच्या शनिवार-रविवारी कल्लणै धरणाची किंवा कुठलीच सहल ठरवू नका. ज्या विषयात तुम्ही आपसूक चांगले आहात त्याला कमी वेळ द्या. जो विषय नकोसा वाटतो त्याला रोजचा ठरलेला तास द्या, मग तो इंजिनिअरिंग ड्रॉइंग असो, इंग्रजी असो की प्रोग्रॅमिंग. राज्य मंडळातून आलेल्या मुलांना गणित-भौतिकशास्त्राचा काही भाग नवा वाटतो. बरोबरच्या मुलांनी तो आधी केलेला असतो म्हणून ती हुशार दिसतात. दिवाळीपर्यंत हा फरक पुसला जातो.

खोलीबद्दल थोडक्यात. रूममेटशी पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी तोंडाने बोलून ठरवा: दिवा किती वाजता बंद, पंखा केवढा, आणि फोनवर बोलायचं कुठे. न बोलता सहन केलेल्या गोष्टींची डिसेंबरात भांडणं होतात. मच्छरदाणी आणाच. कपडे सुती हवेत, आणि बऱ्याच कॉलेजांत पोशाखाचा नियम कडक असल्याने बर्म्युडा, बिनबाह्यांचे टीशर्ट यांवर पैसे घालवण्याआधी नियमपुस्तिका पाहा. बोअरच्या जड पाण्याने सुरुवातीला केस गळतात, त्वचा कोरडी पडते. डोक्याला तेल लावायची इथली पद्धत उचला.

पावसाचं वेळापत्रक इथे उलटं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस, इथे उकाडा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला खरा पावसाळा, आणि तोच तुमच्या सत्रपरीक्षेचा काळ. नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच किनाऱ्यावर येतात. १६ नोव्हेंबर २०१८ ला गज वादळ वेदारण्यमजवळ धडकलं तेव्हा या भागात नारळाची झाडं आडवी झाली आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. म्हणून ऑक्टोबर संपता संपता पॉवर बँक, टॉर्च, ओआरएसची पाकिटं आणि कोरडा खाऊ खोलीत ठेवा आणि नोट्स कागदावरही असू द्या. पावसाळ्यात डेंग्यूही येतो. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर पॅरासिटामॉल घेत खोलीत पडून राहू नका, रक्त तपासून घ्या, आणि वॉर्डनला सांगा. वॉर्डनला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे.

रॅगिंगबद्दल सौम्य भाषा मी वापरणार नाही. १९९६ साली चिदंबरमच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा खून झाला, आणि त्यानंतर १९९७ मध्ये तमिळनाडूने रॅगिंगविरोधी कायदा केला. देशात असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत ते होतं. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. नाव विचारणं, गाणं म्हणायला लावणं यापासून सुरू होणारी गोष्ट कुठे थांबवायची हे तुमच्या हातात आहे. नाही म्हणा, जागा सोडा, त्याच रात्री वॉर्डनला आणि घरी सांगा. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे आणि नाव न सांगताही तक्रार नोंदवता येते. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, जेवणच जात नसेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. जेवण सुटणं ही पहिली खूण असते. रूममेट सलग दोन दिवस मेसमध्ये दिसला नाही तर त्याला हाक मारून बरोबर न्या, एवढं काम तुम्ही कुणासाठीही करू शकता.

घरची आठवण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोरात येते आणि पुन्हा दिवाळीत. तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः एकाच दिवसाची, नरक चतुर्दशीची. पहाटे तेल लावून आंघोळ, नवे कपडे, फटाके, फराळ. सुट्टीही तेवढीच. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला थांबतात आणि तंजावरची उळवन एक्स्प्रेस एग्मोरहून सुटते, म्हणजे मधे स्टेशन बदलावं लागतं. एवढ्यासाठी येण्या-जाण्यात तीन दिवस घालवणं परवडत नाही. सत्र संपल्यावरच्या सुट्टीचं तिकीट मात्र आरक्षण उघडताच, साठ दिवस आधी काढा. दिवाळीला एखाद्या सहाध्यायीच्या गावी जा. बोलावतात, आणि मनापासून बोलावतात. तिरुवैयारू, पापनाशम, तिरुवारूरकडची ही गावं कालव्यांच्या काठाने वसलेली आहेत. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. पाणी वेळेवर आलं तर ऑक्टोबरात कुरुवै भाताची काढणी आणि सांबा भाताची लावणी जवळजवळ एकदमच चाललेली दिसते. चपला बाहेर काढा, जेवताना उजवाच हात वापरा, आणि जेवण झालं की केळीचं पान वरून आपल्याकडे दुमडा. उलट्या बाजूला दुमडणं अशुभ प्रसंगाचं मानतात. मुलींसाठी एक सोयीची गोष्ट: राज्याच्या साध्या शहरी सरकारी बसमध्ये २०२१ पासून स्त्रियांना तिकीट लागत नाही, तुम्ही कुठल्याही राज्याच्या असा.

एखादा रविवार तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी ठेवा. राजराज चोळाने ते १०१० साली पुरं केलं, आणि त्याच आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. तमिळ मित्राला बरोबर न्या. चार महिने तो तुम्हाला बसच्या पाट्या वाचून दाखवत असतो. इथे तुम्ही त्याला वाचून दाखवाल.

आई-वडिलांसाठी दोन शब्द. सोडायला आलात तर बाहेरच्या हॉटेलात न जेवता मुलाबरोबर मेसमध्ये एक जेवण घ्या, परवानगी मागितली तर बहुधा मिळते. भाताचे तीन वाटे त्याच्यासमोर करून दाखवा. नाक मुरडू नका, कारण तुमचं नाक मुरडलेलं तो चार वर्षं लक्षात ठेवील. फोनची वेळ ठरवा, रात्रीच्या जेवणानंतरची चांगली, आणि दिवसातून एकदाच. ‘जेवलास का’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येतं. काय होतं, कुणाबरोबर बसला होतास, असं विचारा. उत्तरात सलग काही दिवस बिस्किटं, मॅगी आणि ‘एकटाच’ येत असेल तर त्याच आठवड्यात वॉर्डनशी बोला. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर रागावण्याआधी त्या महिन्यात त्याने सकाळचा नाश्ता किती वेळा बुडवला ते विचारा, आणि घरी बोलावून घेण्याची घाई करू नका.